येसूआत्याचा घास

मित्रांनो, आधी मला उचलून बघा. नाही जमत? मग दोघांनी मिळून उचला. आता कसं, खांदे दुखले ना! मी एक जुना संगणक आहे आणि माझ्या तरुणपणी मला मोठ्या कौतुकाने 'हातातून नेता येणारा संगणक' म्हणत असत. माझ्या डोक्यावर ही जाड मूठ दिसते ना, ती त्यासाठीच. मांडीवर ठेवायचे चपटे संगणक तुम्ही बघता, ते माझे नातू समजा. मला मात्र मांडीवर घ्यायची हिंमत कधी कुणी केली नाही.

माझं अंग शिवणयंत्राच्या पेटीएवढं आहे. झाकण उघडलं की तेच झाकण कळांची पाटी होतं. मध्ये हाताच्या पंजाएवढा काचेचा पडदा आहे, त्यावर हिरवी अक्षरं उमटत. पोटात एक तबकडी गरगर फिरायची. मी शिकलेलं सगळं तिच्यात असायचं. आणि पडद्याशेजारी ही आडवी फट आहे, ते माझं तोंड. त्यात फ्लॉपी नावाची पातळ, काळी, चौकोनी चकती सारायची आणि बाजूची खिट्टी फिरवून तोंड बंद करायचं. तोंड बंद झालं की आत काय आहे ते बाहेरून मुळीच दिसत नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ तिथेच आहे.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथून बोटीने मुंबई आणि मुंबईहून मी थेट लोधिवलीला आलो. तिथे जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून एक रंगाचा कारखाना होता. काय माझा थाट होता म्हणून सांगू! साहेब मला गाडीत स्वतःच्या शेजारी बसवून नेत. खंडेनवमीला मला झेंडूचा हार पडे आणि हारातल्या पाकळ्या पुढे पंधरवडाभर माझ्या कळांतून निघत. कोणत्या रंगाचे किती डबे कुठे गेले, हे साहेबांना आधी मी सांगायचो. मग माझ्याहून हलका आणि चपळ संगणक आला. मला कोठीत, गळक्या डब्यांच्या मागे ठेवण्यात आलं. एका उंदराने माझ्या मुठीची चामडी कुरतडली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? काल ज्याच्यापुढे माणसं अदबीने बसत होती, त्याच्यावर आज कुणी ओलं फडकं वाळत घालावं, हे बरं वाटत नाही.

त्या कारखान्यात पद्मिनी नावाची टंकलेखिका होती. घरी तिला सगळे पदू म्हणत. कर्जतजवळ दहिवलीच्या बौद्धवाड्यात तिचं घर होतं. माझ्या कळांवर सगळ्यात जास्त बोटं तिचीच चाललेली. तिने साहेबांना विचारलं, "कोठीतला संगणक मी नेऊ का? आमच्याकडच्या मुलींना शिकवीन." साहेब म्हणाले, "तो? खुशाल ने." एका शब्दात माझं नशीब फिरलं. पदूने मला एस.टी.ने आणलं. माझ्यासाठी तिने स्वतंत्र तिकीट काढावं असा कंडक्टरचा आग्रह होता, आणि मला तो आवडला.

पदूच्या घरी दोनच माणसं होती. वडील श्रीपत, कर्जतच्या रेल्वे शेडमधून निवृत्त झालेले फिटर. आणि त्यांची विधवा बहीण येसूबाई, म्हणजे पदूची येसूआत्या. पदूने पडवी झाडून घेतली, भिंतीला पांढरा रंग दिला आणि जाहीर केलं की येत्या रविवारी संगणकाचा वर्ग सुरू होणार. साल एकोणनव्वद होतं आणि दिवाळी नुकतीच उलटली होती.

वाड्यातल्या मुली तर येणारच होत्या. पण पदूचा जीव खरा अडकला होता तो आवडीत. आवडी कोंडाण्याच्या वरच्या ठाकरवाडीतली. आठवीत होती. रोज डोंगर उतरून पदूच्या दारावरून कर्जतच्या शाळेत जायची, तीच दोघींची ओळख. आता तिचे आईबाप वीटभट्टीवर निघाले होते, ते पावसाळ्याच्या तोंडावरच परतणार. वाडीतली झोपडी बंद होणार, म्हणजे आवडीची शाळाही बंद. पदू तिचे वडील पोशा यांना जाऊन भेटली. म्हणाली, "आवडीला माझ्याकडे ठेवा. शाळा करील आणि माझ्याकडे संगणक शिकेल."

पोशाने लगेच नाही म्हटलं नाही. तो म्हणाला, "बाय, गेल्या साली आमच्या वाडीत बालवाडी येनार व्हती. मी सोता कूड सारवला, जागा केली. कोन आला नाय. आता थितं बकऱ्या बांधतो आमी. तुजी मशीन मी चालू झालेली बघीन, मंग पोर ठेवीन."

त्याचं काय चुकलं, सांगा बरं? पदूने कबूल केलं. रविवारी भट्टीवर जाणारा टेंपो दहिवलीवरूनच जाणार होता. तो पदूच्या दारात थांबेल, पोशा मला बघेल आणि मग ठरवेल. मित्रांनो, माझ्या अंगावर केवढी जबाबदारी आली बघा! रंगाचे डबे मोजताना असलं काही कधी माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

शनिवारी दुपारी कारखान्यातले मोरूभाऊ आले. ते चौकला राहत आणि कारखान्यातल्या सगळ्या विजेच्या यंत्रांची देखभाल करत. त्यांनी माझं पोट साफ पुसलं. जुने सगळे डबे विसरलो! मग त्यांनी आणलेली फ्लॉपी माझ्या तोंडात घातली आणि तिच्यावरून नव्या आज्ञा माझ्या पोटातल्या तबकडीत उतरवल्या. सगळं उतरल्यावर फ्लॉपी काढली, मला बंद केलं, पुन्हा चालू केलं. मी टूं करून जागा झालो. पडद्यावर हिरवी चौकट लुकलुकायला लागली. पदूने टाळ्या वाजवल्या. श्रीपत म्हणाले, "सिग्नल पडला!" मला तर नव्याने जन्मल्यासारखं वाटत होतं.

मोरूभाऊंनी जेवणाचा डबा आणला होता. तो धुऊन येसूआत्याने त्यात गूळ-पोहे भरले. मोरूभाऊ नको नको म्हणाले. ती म्हणाली, "रिकामं भांडं परत धाडायची रीत नाय आमच्यात." मग मोरूभाऊ डबा घेऊन, आपली फ्लॉपी कागदी पाकिटात घालून संध्याकाळच्या गाडीने गेले. ती फ्लॉपी कारखान्याची होती, म्हणून परत न्यावी लागली. मुलींच्या सरावासाठी काही कोऱ्या फ्लॉप्या मात्र ते खोक्यात ठेवून गेले.

पदू आणि श्रीपत त्यांना एस.टी.पर्यंत पोचवायला गेले. पडवीत मी आणि येसूआत्या, दोघेच राहिलो. ती केर काढता काढता माझ्यापुढे थांबली. वाकून तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मोरूभाऊंनी आपली चकती काढून नेलेली तिने पाहिली होती. "बिचाऱ्याचं तोंड उघडंच ऱ्हायलं की रं," असं म्हणून तिने खोक्यातली एक कोरी फ्लॉपी काढली, माझ्या तोंडात नीट सारली आणि मोरूभाऊंनी फिरवली तशीच खिट्टी फिरवली. वर माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

आता तुम्हाला माझी एक सवय सांगायला हवी. मी जागा झालो की आधी तोंडात बघतो. तोंडात चकती असेल तर तिच्याकडूनच आज्ञा मागतो. तोंड रिकामं असेल तरच पोटाकडे वळतो. आमच्या जातीची ही रीतच. कोऱ्या चकतीवर कसल्या आज्ञा असणार? म्हणजे येसूआत्याने मायेने मला घास भरवला आणि मी नेमका उपाशी राहिलो.

रविवार उजाडला. सतरंजीवर मुली दाटीवाटीने बसल्या. श्रीपतनी इस्त्रीचा सदरा घातला होता. बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, सगळ्यांनी वंदना म्हटली आणि पदूने माझं बटण दाबलं.

पंखा घरघरला. पडदा उजळला. मुली पुढे सरकल्या. आणि पडद्यावर एक इंग्रजी ओळ आली. तिचा अर्थ एवढाच, की सुरू व्हायच्या आज्ञा सापडत नाहीत.

पदूने बटण बंद करून पुन्हा दाबलं. तीच ओळ. तिसऱ्यांदाही तीच. पदूचा चेहरा उतरला. "आबा, काल मोरूभाऊंनी घातलेलं सगळं गेलं वाटतं," ती हळूच म्हणाली. "याच्या पोटातली तबकडीच बिघडली असणार."

नाही गं, नाही! सगळं जागच्या जागी आहे! मी आतल्या आत ओरडत होतो. पण त्या क्षणी मला येत होती ती एकच ओळ. तीच मी पुन्हा पुन्हा दाखवत होतो. पदू माझ्या तोंडात का बघत नव्हती, असं तुम्ही विचाराल. अहो, काल मोरूभाऊंनी चकती काढलेली तिने डोळ्यांनी बघितली होती. रिकाम्या तोंडात कोण कशाला बघेल?

मग सुरू झाली धांदल! बातमी वाड्यात पसरली आणि पडवी माणसांनी भरली. कुणी म्हणालं, वीज कमी येते. पदूने बल्ब लावून बघितला, तो झगझगीत पेटला. कुणी म्हणालं, याला ऊन दाखवा, दमट झालाय. मला पापडासारखं अंगणात ठेवायचा बेत चालला होता, तो पदूने हाणून पाडला. तिने स्वतः पेचकस घेतला, माझी पाठ उघडली, एकेक वायर दाबून बसवली. कोठीतली सगळी धूळ सायकलच्या पंपाने उडवली. मला शिंक आली असती तर मी दिली असती. पाठ लावून बटण दाबलं. तीच ओळ.

श्रीपत इतका वेळ हात मागे बांधून बघत होते. ते म्हणाले, "पदू, शेडात आमचं इंजिन असं फुरफुरायचं आन जाग्यावरनं हलायचं नाय, तवा आमी आधी ब्रेक बघायचो. इंजिन धडधाकट असतं गं, कुटंतरी ब्रेक धरून ठेवतो."

"आबा, याला ब्रेक नसतो," पदू रडवेली होऊन म्हणाली.

असतो गं पदू, असतो! या वेळी माझा पंखासुद्धा जरा जोरात फिरला असेल. पण पंख्याची भाषा कोण ऐकणार?

तेवढ्यात दारात टेंपो थांबला. मागच्या हौद्यात बोचकी, टोपल्या, हंडे आणि डालग्यातल्या कोंबड्या. त्यांच्यामध्ये आवडीची आई भागी बसली होती. पोशा खाली उतरला, त्याच्यामागून आवडी. तिने शाळेचा निळा फ्रॉक घातला होता. केसांना तेल लावून घट्ट वेण्या घातल्या होत्या. राहायच्या तयारीनेच आली होती पोर.

पोशा ओट्यावर टेकला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग पदूकडे. पदूने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा दाबलं. टेंपोवाल्याने भोंगा वाजवला. पोशा तरी बसूनच राहिला, हे मी कधी विसरणार नाही. टेंपोवाल्याने परत भोंगा वाजवला तेव्हा मात्र तो उठला.

"श्रीपतदादा, मी काय बोलत नाय," तो म्हणाला. "पन उभा टेंपो किती थांबवू? मुकादम वाट बघतो."

पदूने डोळे पुसले. "मग यालाही त्याच टेंपोतून न्या," ती म्हणाली. "वाटेत चौकला मोरूभाऊंच्या दारात उतरवा. ते दुरुस्त करतील."

"आन मी?" आवडीने विचारलं.

पोशाने तिच्याकडे न बघता सांगितलं, "मशीन परत आली का तू पन परत ये."

भट्टीवर एकदा गेलेली पोर हंगाम संपल्याशिवाय परत येत नाही, हे तिथल्या लहान मुलांनाही ठाऊक होतं. आवडी टेंपोत चढली. मलाही वर चढवलं आणि कोंबड्यांच्या डालग्याशेजारी ठेवलं. आवडीने माझी मूठ धरली, वाटेत मी घसरू नये म्हणून. मित्रांनो, मी धडधाकट होतो, पोटात सगळं होतं, आणि माझ्यामुळे एक मुलगी भट्टीवर निघाली होती. तेवढी लाज मला कोठीतही वाटली नव्हती.

टेंपो घरघरला. आणि घरातून हाक आली, "थांब रं! थांब म्हनते ना!"

येसूआत्या धावत येत होती. ती सकाळपासून मागच्या चुलीपाशी मुलींसाठी रांधत होती. तिच्या हातात फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या गरम भाकऱ्या आणि सुकटीची चटणी होती. तिने ती आवडीच्या मांडीवर ठेवली. "लेकीला रिकाम्या हातानं धाडत नाय आमी," असं म्हणून तिने तिच्या गालावरून हात फिरवला. मग तिची नजर माझ्याकडे वळली.

"आन तुला रं काय देऊ?" ती मला म्हणाली. "तुजं तोंड तर मी कालच भरलंय. मोरूला सांगा, ते त्याचं त्यालाच ऱ्हाऊ दे, काढू नको म्हनावं."

पदू दारात पाठमोरी उभी होती. ती गर्रकन वळली.

"आत्या, काय भरलंस तू?"

"अगं, ती काळी चकती. मोरू त्याची घेऊन गेला, ह्याचं तोंड उघडं पडलं. असं रातभर रिकामं ठेवतात व्हय? खोक्यातली एक घातली मी."

पदूने टेंपोच्या फाळक्यावर पाय दिला आणि एका दमात वर आली. कोंबड्या फडफडल्या. तिने माझी खिट्टी फिरवली, आणि माझ्या तोंडातून कोरी फ्लॉपी सुळकन बाहेर आली. पदू त्या फ्लॉपीकडे बघतच राहिली. मग अशी हसायला लागली की टेंपोवाला घाबरून खाली उतरला.

"आबा, ब्रेक सापडला!" ती ओरडली. "याला खाली घ्या! अहो, लवकर खाली घ्या!"

दोन माणसांनी मिळून उचलायचा मी. पण पोशाने कुणाची वाट बघितली नाही. मला एकट्याने छातीशी धरून त्याने पडवीत आणून ठेवलं. पदूने वायर लावली आणि बटण दाबलं.

पंखा घरघरला. मी जागा झालो. तोंडात बघितलं, रिकामं! आहाहा, किती मोकळं वाटलं! लगेच पोटाकडे वळलो. मोरूभाऊंनी ठेवलेल्या सगळ्या आज्ञा ओळीने तिथे हजर होत्या. टूं! माझा तो आवाज त्या दिवशी साऱ्या वाड्याला ऐकू गेला असेल. हिरवी चौकट लुकलुकली आणि पडवीत एकच कल्ला झाला. मुली उड्या मारत होत्या. श्रीपत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "मी म्हनलं नव्हतं? ब्रेक!"

येसूआत्या मात्र कानकोंडी झाली. "म्हंजे माज्या हातनं झालं व्हय गं हे?"

पदूने तिच्या गळ्यात हात टाकले. "तुझ्या घासाने बंद पडला आणि तुझ्या भाकरीने सुरू झाला. तू भाकरी द्यायला आली नसतीस तर हा चौकला पोचला असता!"

मग पदूने आवडीला माझ्यापुढे बसवलं. "तुझं नाव लिही." आवडीला इंग्रजी अक्षरं शाळेत शिकवली होती, पण माझ्या पाटीवर ती भलतीकडेच विखुरलेली. एकेक अक्षर शोधून ती बोटाने दाबत होती आणि प्रत्येक अक्षर उमटलं की मागे वळून बापाकडे बघत होती. पोशा वाकून उभा होता. त्याला वाचता येत नव्हतं.

"हे काय लिवलं?" त्याने विचारलं.

"माजं नाव हाय, बाबा."

पोशाने माझ्या काचेवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग तो टेंपोकडे गेला, हौद्यातून आवडीचं बोचकं ओढून काढलं आणि आणून माझ्या शेजारी ठेवलं. वरून भागीने भाकऱ्यांचं फडकं पुढे केलं. तिचे डोळे भरले होते. येसूआत्या म्हणाली, "ते तुमी न्या. हिला मी हितं वाढीन."

त्या दिवसापासून मी दहिवलीत खूप राबलो. कितीतरी मुलींची बोटं माझ्यावर तयार झाली. पाऊस लागल्यावर पोशा भट्टीवरून परतला तो वाडीत जाण्याआधी मला बघायला आला, माझ्यासाठी नव्हे हे मला कळत होतं, तरी मी मनात खूश झालो. येसूआत्याची हौसही पदूने मोडली नाही. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा फ्लॉपीच्या मापाने कापून तिने आत्याच्या हातात दिला. संध्याकाळी तो माझ्या तोंडात घालायचा आणि सकाळी बटण दाबण्याआधी काढायचा, हे काम येसूआत्याचं. तिने ते एक दिवसही चुकवलं नाही. धूळ आत जात नसे, म्हणून माझं तोंड शेवटपर्यंत चांगलं चाललं. म्हणजे बघा, तिची रीत चुकीची नव्हतीच.

आज येसूआत्या नाही. मीही आता चालू होत नाही. या वेळी पोटातली तबकडी खरोखरच अडकली आहे. आवडी शिक्षिका झाली आहे आणि तिच्या वर्गात कोपऱ्यातल्या टेबलावर माझी जागा आहे. तुमचे नवे संगणक कधी हटून बसतात, तुम्ही लगेच म्हणता, "बाई, बिघडला!" बाई तुम्हाला आधी काय विचारतात ते आठवा. त्याच्यात कुणी काय ठेवलंय ते बघितलंत का? घरातल्या सगळ्यांना विचारलंत का? मित्रांनो, माझंही मागणं एवढंच आहे. हटून बसलेल्याला बिघडलेला म्हणायची घाई करू नका, आणि थकलेल्याला ओल्या फडक्याखाली टाकू नका.

आणि शाळा सुटल्यावर कधी रेंगाळलात तर बघा. सगळी मुलं गेली की आवडीबाई माझ्यापाशी येतात, खणातला तो जुना पुठ्ठा काढतात, माझ्या तोंडात नीट सारतात आणि खिट्टी फिरवतात. मग दिवा बंद करतात.